पार्श्वभूमी : बालसंग्रहालय म्हणायचे, पण संग्रह कुठाय?

मुलांसाठी वेगळे संग्रहालय पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये निघाले, १८९९ साली. मुंबईत राणीच्या बागेतले संग्रहालय (आताचे भाऊ दाजी लाड संग्रहालय) त्याच्याही आधीचे, १८७२चे. पण तिथला सगळा ऐवज काचेआड.

मुंबईत खरा तिढा पडला तो वरळीला. साठच्या दशकाअखेर तिथे विज्ञान-तंत्रज्ञानाचे 'संग्रहालय' योजले होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बेत फिरला आणि 'संग्रहालया'चे 'केंद्र' झाले, म्हणजे आजचे नेहरू विज्ञान केंद्र. वरवर पाहता फरक एका शब्दाचा. पण शंभर वर्षांपूर्वीच्या यंत्राची कळ रोज पाचशे पोरांनी दाबली, तर ते वर्षभरही टिकायचे नाही. म्हणून संग्रहालयात ते जपायचे, दोरीपलीकडे ठेवायचे. केंद्रातली वस्तू मुळात हाताळण्यासाठीच घडवलेली. मोडली तर पुन्हा करता येते. 'केंद्र' या शब्दाने मुलांना हात लावायची मुभा दिली. जुन्या यंत्रांचा इतिहास मागे पडेल ही धास्ती चुकीची नव्हती, तरीही निर्णय बरोबरच होता. गंमत म्हणजे संग्रहाचा सोस काही सुटला नाही. ट्राम, रेल्वेचे इंजिन, वाफेवर चालणारी लॉरी, स्वनातीत (आवाजापेक्षा वेगवान) विमान, सगळे वरळीत येऊन बसलेच.

क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. १९७७मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचे प्रदर्शन, १९७९च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षात मोकळ्या आकाशाखालचे विज्ञान उद्यान, आणि मुख्य केंद्राचे उद्घाटन थेट ११ नोव्हेंबर १९८५ला. म्हणजे बाग आधी, केंद्र नंतर. मुंबईच्या कित्येक पिढ्यांची शाळेची पहिली सहल इथेच आली, डब्यातल्या पोळीभाजीसकट.

अलीकडे 'म्युझियम' हा शब्द परतला आहे. फोर्टातल्या १९२२च्या जुन्या संग्रहालयाच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९मध्ये मुलांचे दालन उघडले. तिथल्या पहिल्या प्रदर्शनातल्या वस्तू मुलांनीच निवडल्या. २०२३मध्ये लोअर परळला, जुन्या गिरणगावात, मुलांसाठी मजल्यांवर मजले असलेले नवे 'म्युझियम ऑफ सोल्युशन्स' आले. तिथे भर करून बघण्यावर, प्रयोगांवर. जुना ठेवा हा त्याचा गाभाच नाही. तिकीट काढून येणारी मुले आणि शेजारच्या चाळीतली मुले यांच्यात तिथे किती अंतर राहते, हा प्रश्न मात्र वरळीच्या सहलींपेक्षा जास्त टोचतो.

आता संग्रह नसलेले 'म्युझियम' म्हणवते, आणि वाफेची लॉरी सांभाळणारे 'केंद्र'. पोरे मात्र दोन्हींना म्युझियमच म्हणतात.