पार्श्वभूमी : कान्होपात्रेपासून पूर्व भागापर्यंत

चित्रकलेचा वर्ग म्हटला की सोलापुरात अजूनही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षाच आठवतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन; इंटरमिजिएटला चांगली ग्रेड मिळाली तर दहावीला वाढीव गुण. स्थानिक कलावंत विचारला तर उत्तर ठरलेलं : मकबूल फिदा हुसेन, जन्म पंढरपूर, १९१५. बायकांचं नाव विचारलं की वर्ग गप्प होतो. वास्तविक या जिल्ह्याला बायकांच्या कलेचा पाच-सहाशे वर्षांचा इतिहास आहे. फक्त त्यातला बराचसा कागदावर किंवा कॅनव्हासवर नाही.

सुरुवात मंगळवेढ्याची. पंधराव्या शतकातली कान्होपात्रा ही शामा नावाच्या गणिकेची मुलगी, नाच-गाण्यात तरबेज. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा तिने पंढरपूर गाठलं आणि विठ्ठलाच्या पायाशीच देह ठेवला, असं परंपरा सांगते. देवळातलं तरटीचं झाड आजही तिच्या नावाने ओळखतात. तिचे तीसेक अभंग टिकले. संत झाली म्हणून टिकले, असं मला वाटतं. नुसती गाणारी राहिली असती तर कोणी उतरवून ठेवले असते?

पंढरपुरातच १९३५ मध्ये विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर जन्मल्या. तमाशातल्या या थोर कलावतीचा १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. भर खेळात त्या बाळंत झाल्या, हा किस्सा मात्र त्यांच्या गळ्यापेक्षा आणि अदाकारीपेक्षा जास्त सांगितला जातो. सिनेमातल्या शशिकलाही सोलापूरच्याच, जन्म १९३२. लहानपणी याच भागात त्या नाचल्या-गायल्या, वडिलांचा धंदा बुडाल्यावर कुटुंब मुंबईला गेलं. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

रंगमंचावर उभ्या राहिलेल्या बायकांची नावं अशी सापडतात, मग समाजाने त्यांना नावं का ठेवलेली असेनात. घरात बसून कला करणारीचं नाव सापडत नाही. त्यासाठी सोलापूर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत जायला हवं.

१८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली. गिरण्या आणि माग यांच्या ओढीने तेलंगणातून पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने आले आणि शहराच्या पूर्वेकडे वसले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिच्यावरचा मोर लांबूनही ओळखू येतो. जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, ती नक्षी उतरते ती पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्यांमुळे : भोक असेल तिथे ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. मागावर बहुधा पुरुष. घरात कांड्या (आडव्या धाग्याच्या गुंडाळ्या) भरणाऱ्या बहुधा बायका, आणि त्यांतल्या कितीतरी जणी सोबत विड्याही वळणाऱ्या. नक्षीचं कौतुक होतं तेव्हा कांडीचा विषय निघत नाही.

पण याच घरांमध्ये दर नवरात्राच्या सुमारास बतुकम्मा, म्हणजे देवीसाठी फुलांची उतरंड, रचली जाते. ताटात आधी पानं अंथरायची, मग गोलाकार एकावर एक थर. तरवडाची पिवळी फुलं, कुरडूचे तुरे (पांढऱ्या टोकांना रंगाच्या पाण्यात बुडवून लाल, हिरवं करतात), मध्ये झेंडू. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत घ्यायचा, नाहीतर सगळी रचना कलते. वर हळदीची गौरम्मा, म्हणजे गौरी. मग बायका फेर धरून टाळ्यांच्या ठेक्यावर तेलुगू गाणी म्हणतात आणि शेवटी सगळं पाण्यात सोडून देतात. रंगसंगती, तोल, आकार, सगळं यात आहे, आणि ते आई-सासूकडून आलेलं आहे. संकल्पचित्राच्या तासाला याहून चांगलं काय दाखवणार?

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात, तेव्हा त्यांच्या वाटेवर रांगोळ्या असतात. शहराजवळच्या मुळेगावसारख्या तांड्यांवर बंजारा बायकांचं आरसे-कवड्यांचं भरतकाम आहे. त्यावर स्वतंत्रच लिहायला हवं.

वर्गाने हे बघायला जाताना चित्राखाली करणारीचं नाव तिला विचारून लिहावं, एवढं तरी पाळावं. अडचण वेळापत्रकाची आहे. बतुकम्मा घटस्थापनेच्या आदल्या अमावास्येपासून सुरू होते, आणि ग्रेड परीक्षाही बऱ्याचदा त्याच सुमारास येतात.