खोकला मोठीचा, न्यूमोनिया धाकटीचा

कापसाच्या दुसऱ्या वेच्याचे दिवस होते. आरोग्य उपकेंद्राच्या पायरीवर एकाच घरातल्या दोन जावा आल्या. त्यांना घेऊन आलेली सासू मात्र एकीबद्दलच बोलत होती. "बाई, ह्या मोठीले पाहा ना. रातभर खोकलते, सारं घर जागं रायते." मोठी तेवढ्यात खोकलीच. छातीच्या तळापासून आलेली ढास, डोळ्यांत पाणी, मग बाजूला जाऊन थुंकलेला हिरवट पिवळा बेडका. धाकटी मागे भिंतीला टेकून उभी होती. तुला काय होतंय, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मले काय झालं? थकल्यावानी लागते जरासं."

मोठीला ब्रॉन्कायटिस निघाला आणि धाकटीला न्यूमोनिया.

आरोग्यसेविका म्हणून इतकी वर्षं काढूनही पहिल्या मिनिटाला मीसुद्धा मोठीकडेच वळले होते. आपल्याकडे आजाराचं माप खोकल्याच्या आवाजावर आणि बेडक्याच्या रंगावर ठरतं, आणि हे दोन्ही साक्षीदार कच्चे आहेत. सौम्य न्यूमोनिया बहुधा आवाज करत नाही. माणूस चालतो-फिरतो, भाकरी थापतो, वावरात जातो. म्हणून तर इंग्रजीत त्याला 'वॉकिंग न्यूमोनिया', चालता न्यूमोनिया, असं नाव पडलं.

दोन्ही आजार छातीचेच, पण जागा वेगळी. पाणी पाटाने येतं आणि वाफ्यात मुरतं, तशी हवा श्वासनलिकांतून येते आणि टोकाच्या बारीक वायुकोशांत पोचते. प्राणवायू रक्तात जातो तो तिथूनच. ब्रॉन्कायटिसमध्ये पाट बिघडतो: नळ्यांना आतून सूज येते, चिकटा धरतो, तो बाहेर फेकायला खोकला येतो. वाफे शाबूत राहतात. न्यूमोनियात वाफाच चिबडतो. वायुकोशांत द्रव आणि पू साचतो आणि फुप्फुसाचा तेवढा तुकडा कामातून जातो. खोकला दोन्हीत असतो, श्वासाची गाठ मात्र वाफ्याशी असते. म्हणून मी खोकला ऐकते, पण मोजते तो श्वास.

मोठीची गोष्ट सर्दीपासून सुरू झाली होती. आधी नाक वाहिलं, घसा धरला, दोन दिवस कणकण होती. मग सर्दी 'छातीत उतरली' आणि खोकला सुरू झाला. ताप तिसऱ्या दिवशीच गेला होता. हा ब्रॉन्कायटिसचा नेहमीचा रस्ता. दहातल्या नऊहून जास्त वेळा तो विषाणूमुळे होतो, त्यामुळे अँटिबायोटिकचा त्यात उपयोग नसतो. लोकांना खरा त्रास होतो तो खोकल्याच्या मुदतीचा. आठ दिवसांत थांबेल अशी सगळ्यांची अपेक्षा असते, आणि तो सरासरी अडीच आठवडे चालतो, कधी तीनही. मग बाराव्या दिवशी मेडिकलमधून गोळ्या आणल्या जातात, अठराव्या दिवशी खोकला आपोआप थांबतो आणि श्रेय गोळ्यांना मिळतं. बेडका हिरवा झाला म्हणजे 'इन्फेक्शन वाढलं' हीही घरोघरची समजूत. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, विषाणूच्या आजारातही येतो. रंगावरून काही ठरवू नये. बेडक्यात रक्त दिसलं तर गोष्ट निराळी, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

धाकटीचं बोलणं काढायला वेळ लागला. सर्दी जवळजवळ नव्हतीच. दहा दिवसांपासून डोकं दुखत होतं, घसा खवखवत होता, रोज ताप येत होता. "येते अन् जाते," एवढंच ती म्हणाली. खोकला कोरडा, आधी थोडा, मग रोज थोडा वाढत गेलेला. उजव्या कुशीत, खोल श्वास घेतला की टोचायचं. ते तिने गाठोडं उचलताना लचक भरल्याच्या खात्यात टाकलं होतं.

खरी खूण सासूच्या तोंडून निघाली, तीही तक्रार म्हणून. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे कोणी किती वेचलं हे काट्यावर लपत नाही. रोज चाळीस किलो वेचणारी धाकटी बावीसवर आली होती. पात अर्धी झाली की धुऱ्यावर जाऊन बसायची. मोठी एवढी खोकत असूनही पस्तीसच्या खाली आली नव्हती. "हिचं ध्यान नाई कामात," सासू म्हणाली. मला तो आकडा थर्मामीटरइतकाच कामाचा वाटला. ब्रॉन्कायटिस झोप मोडतो, पण दिवसा माणूस बऱ्यापैकी चालतो. न्यूमोनियात, सौम्य असला तरी, नेहमीचं काम अंगावर येतं. विहिरीवरून पाणी आणताना मध्येच घागर टेकवावी लागते, दोन पायऱ्यांना धाप लागते.

मग दोघींना बाकावर दहा मिनिटं नुसतं बसवलं. चालत आलेल्या माणसाचा श्वास लगेच मोजला तर आकडा खोटा येतो. आणि 'श्वास मोजते' असं सांगायचंही नाही, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मी नाडी धरल्याचं दाखवते आणि नजर पोटाच्या वरच्या भागावर ठेवते. घड्याळाचा पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय बरी नव्हे, एका श्वासाची चूक चारची होते.

मोठी: ताप नाही, नाडी ८४, श्वास १८, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९७. धाकटी: ताप १०१, नाडी १०८, श्वास २६, ऑक्सिमीटरवर ९४.

मोठ्या माणसात ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, नाडी मिनिटाला शंभरच्या वर, श्वास चोवीसच्या वर, किंवा छाती तपासताना एका जागी वेगळा आवाज, यांतलं एकही नसेल तर तब्येतीने धडधाकट माणसाला न्यूमोनिया असण्याची शक्यता कमी असते. धाकटीची तिन्ही मापं वर होती, चौथं डॉक्टरांच्या हातात होतं. कपाळाला हात लावून ताप ठरवणं मी कधीच सोडलं. दिवसभर उन्हात वेचून आलेल्या बाईचं कपाळ तसंही गरमच लागतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी मोठीच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा दोन्हीकडे घरघर होती, आणि तिला खोकायला लावल्यावर ती घरघर जागा बदलून कमी झाली. म्हणजे नळीतला चिकटा हलला. धाकटीच्या उजव्या पाठीत खाली, एकाच जागी, श्वास आत घेताना बारीक तडतड होती. कानाजवळ चिमटीत केस धरून चोळून पाहा, साधारण तसा आवाज. खोकूनही तो गेला नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या एक्स-रेवर त्याच जागी पांढुरका डाग आला. चालत्या न्यूमोनियाची ही एक खोड आहे: माणसाकडे पाहून वाटतं त्यापेक्षा एक्स-रे जास्त खराब दिसतो.

हा आजार कुठून आला असेल याचाही अंदाज बांधता आला. धाकटीचा मुलगा आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहतो. दिवाळीच्या सुट्टीत तो खोकत घरी आला होता आणि बरा होऊन परत गेला. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू अशा न्यूमोनियाचं मोठं कारण आहे, आणि वसतिगृहासारख्या दाटीच्या जागी तो सावकाश फिरतो. अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार आठवडे लागतात, त्यामुळे घरात कोणाकडून कोणाला आलं याचा धागाच तुटतो. दिवाळीतला पोराचा खोकला मार्गशीर्षात कोणाला आठवतो?

या जंतूला बाहेरची पेशीभित्तिका नसते. अमॉक्सिसिलिनसारखी औषधं त्या भित्तिकेवरच घाव घालतात, म्हणजे इथे त्यांना मारायला भिंतच नाही. धाकटीने चार दिवस मेडिकलमधून आणलेल्या त्याच गोळ्या खाल्ल्या होत्या, आणि फरक पडला नाही म्हणून 'साधंच असेल' असं घरच्यांनी धरलं होतं. तर्क उलटा पडला. यावर अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालतं. पण नेमकं कोणतं, किती दिवस, पोटात बाळ आहे का, दुसरी औषधं चालू आहेत का, हे डॉक्टरनेच पाहायचं. इथे नावं वाचून चिठ्ठीशिवाय मेडिकलवर जाऊ नका. शिवाय न्यूमोनिया दुसऱ्या जंतूंचाही असतो, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी अमॉक्सिसिलिनच कामाचं असतं.

मोठीने तोवर बाजाराच्या दिवशी एकाकडून सुई मारून घेतली होती. 'दोन दिवस लय बरं वाटलं.' वाटणारच. अशा सुईत पुष्कळदा स्टेरॉइड असतं; ताप दबतो, भूक लागते, अंग हलकं होतं. तिला ब्रॉन्कायटिस होता म्हणून निभावलं. तीच सुई धाकटीला बसली असती तर ताप झाकला गेला असता आणि मला थर्मामीटरवर काही दिसलं नसतं. दवाखान्यात जाताना आधी कुठली सुई घेतली असेल तर न लाजता सांगा, कोणी रागावलं तरी.

आणखी एक वळण ध्यानात ठेवण्यासारखं: सर्दी-ताप उतरला, माणूस दोन-तीन दिवस उठून बसला, आणि मग थंडी वाजून पुन्हा ताप भरला. ब्रॉन्कायटिस असा मागे फिरत नाही. फ्लूनंतर न्यूमोनियाने घर केल्याची ती खूण असू शकते.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत वरची मापं अपुरी पडतात. सत्तरीच्या आजोबांना न्यूमोनियात ताप येईलच असं नाही, खोकलाही नसेल. जेवणावरून मन उडतं, तोल जातो, घरातल्यांची नावं चुकतात, भलतंच बोलतात. 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका, श्वास मोजा.

लहान लेकरांचं गणित तर पूर्ण निराळं. त्यांचा श्वास मुळातच जलद असतो, म्हणून वयाप्रमाणे आकडा बदलतो: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे जलद श्वास. खोकल्यासोबत एवढा श्वास असेल तर न्यूमोनिया समजून चालायचं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर थांबायचंच नाही. गावात याला 'पोट उडते' म्हणतात, कुठे 'डबा झाला' म्हणतात. आयांची नजर बरोबर जागी असते, फक्त पुढचा रस्ता कधी चुकतो. मेळघाटात पोटावर तापल्या लोखंडाचे डाग देण्याची 'डंबा' ही रीत अजूनही बातम्यांत येते. त्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने अक्षरओळख नसलेल्या दायांना बाळाचा श्वास मोजायला शिकवलं. त्यासाठी साधन केलं ते वाळूच्या एक मिनिटाच्या घड्याळाचं आणि मण्यांचं: आकडे येत नसले तरी मणी सरकवता येतात. एक्स-रे नसलेल्या गावात बाळाचा न्यूमोनिया ओळखायला तेवढं पुरलं.

आपल्या भागात या दोघांच्या रांगेत तिसरेही घुसतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला तर, तो ब्रॉन्कायटिसचा आहे असं वाटत असलं तरी, बेडक्याची टीबीची तपासणी करून घ्यायची. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. मोठीचीही केली, काही निघालं नाही. पावसाळ्यानंतर गवता-झुडपांत काम करणाऱ्याला ताप, डोकेदुखी आणि खोकला असेल तर काखेत, जांघेत, कमरेभोवती चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का पाहा. ती बहुधा स्क्रब टायफसची, म्हणजे झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापाची, असते. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याची साथ आली होती. आणि फवारणी करून आल्यावर छाती भरली, तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला, नजर अंधुक झाली तर तो जंतूंचा आजार धरूच नका, विषबाधा समजून लगेच निघा. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, तो हंगाम आपण विसरलेलो नाही. सोयाबीनच्या थ्रेशरवर उभं राहून कुटाराच्या धुळीने येणारा खोकला मात्र बहुधा काम थांबलं की उतरतो.

सौम्य न्यूमोनिया घरी राहून बरा होतो, पण सौम्य कुठवर म्हणायचं? मोठ्या माणसाचा श्वास तिसावर गेला, ऑक्सिमीटर ९२ किंवा खाली आला, एक वाक्य एका दमात बोलता येईना, ओठ निळसर झाले, भान हरपलं, पाणीही पोटात ठरेना: यांतलं एक झालं तरी १०८ ला फोन करायचा.

धाकटीचा ताप औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी उतरला. मी तेव्हाच सासूला बसवून सांगितलं की ताप जाणं आणि अंगात जोर येणं यांत बरंच अंतर आहे. न्यूमोनियाचा खोकला आणि धाप बऱ्यापैकी कमी व्हायला सहा आठवडे लागू शकतात, थकवा तीन महिनेही रेंगाळतो. मोठीला मी औषध म्हणून गरम पाणी, मध आणि चुलीपासून जरा लांब बसणं एवढंच दिलं. त्यावर ती नाराज होती. मध लहान्याला चाटवायचा नाही, एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो चालत नाही, हे तिला दोनदा बजावलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोघी भेटल्या. मोठीचा खोकला कधी थांबला हे तिला सांगता येईना. धाकटीने आपला आकडा न विचारता सांगितला: "काल एकतीस किलो झाले, बाई. धुऱ्यावर एकदाच बसली."