टाका नव्हे, हात तपासायचा

एका टेबलावर दोन रेसिडेंट, म्हणजे सर्जरी शिकणारे डॉक्टर, सिलिकॉनच्या कातडीवर टाके घालताहेत. काम संपल्यावर दोघांचे टाके जवळपास सारखेच दिसतात, सरळ ओळीत, सारख्या अंतरावर. फरक दिसतो तो टाके घालताना. ती चिमट्यानं कड हलकेच उचलते, सुई काटकोनात टोचते आणि मनगट फिरवून सुईच्या गोलाईनंच ती बाहेर काढते. त्यानं तीच कड चारदा आवळलीय, आणि सुई तर तो सरळ रेषेत ढकलतोय. सिलिकॉनला त्याचं काही वाटत नाही. माणसाच्या कातडीची कड अशी चेंगरली, की तिथला रक्तपुरवठा दबतो आणि जखम नीट भरत नाही.

एमएस करणाऱ्यांच्या लॉगबुकात किती शस्त्रक्रिया पाहिल्या, किती असिस्ट केल्या, किती स्वतः केल्या याची नोंद असते. कड कितीदा चेंगरली, याला तिथे रकाना नाही.

हा रकाना तयार करण्याचं मोठं काम १९९०च्या दशकात टोरांटो विद्यापीठात रिचर्ड रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. त्यांच्या परीक्षेचं नाव ओसॅट्स. विद्यार्थी एकेका टेबलावर ठरलेलं काम करतो आणि अनुभवी सर्जन शेजारी उभा राहून त्याचे हात बघतो. गुण ७ बाबींवर, प्रत्येकी १ ते ५. ऊती जपून हाताळतो का? वेळ आणि हालचाली वाया घालवतो का? हत्यारं सराईतपणे धरतो का, ती त्याला ओळखता येतात का? मदतनिसाचा उपयोग करून घेतो का? पुढची पायरी त्याच्या डोक्यात तयार आहे का? आणि मुळात ही शस्त्रक्रिया त्याला माहीत आहे का?

‘केलं – नाही केलं’ अशी पायऱ्यांची यादी घेऊन खुणा करण्यापेक्षा ही एकूण कामावरची पारख जास्त भरवशाची ठरली. मला ते पटतं, कारण अडखळत, ओढाताण करत केलेल्या पायरीलाही यादीत बरोबरचीच खूण मिळते. आणखी एक गोष्ट त्यातून दिसली. भूल दिलेल्या प्राण्यावर घेतलेली परीक्षा आणि टेबलावरच्या नमुन्यांवर घेतलेली परीक्षा यांचे निकाल जुळत होते. नमुन्यांवर हात बसवण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत काकडी-भोपळ्यावर छेद घ्यायला, कमळाच्या देठावर वेध करायला आणि कापडावर, मऊ चामड्यावर शिवण घालायला सांगितलंय.

या गुणांचा रुग्णाशी किती संबंध आहे, हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात तपासलं गेलं. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जननी प्रत्येकी एक व्हिडिओ दिला. नाव न कळता इतर सर्जननी ते पाहून ओसॅट्सवर बेतलेले गुण दिले. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला. गुणांमध्ये तळाच्या पाव गटातल्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के होतं, वरच्या पाव गटात ५.२ टक्के. वरच्या गटातले सर्जन शस्त्रक्रियाही जास्त करत होते, त्यामुळे सगळा फरक एकट्या हाताच्या नावावर मांडता येणार नाही. तरीही हे आकडे वाचून मी अस्वस्थ झालो. हे सगळे शिकून बाहेर पडलेले, रोज काम करणारे सर्जन होते.

हात पारखता येतो, हे झालं. पण पारखायचा कधी?

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या टोरांटोच्याच एका प्रयोगात ३८ कनिष्ठ रेसिडेंटना बारीक रक्तवाहिनीची दोन टोकं मायक्रोस्कोपखाली शिवायला शिकवलं. सरावाचा वेळ सगळ्यांना सारखाच. अर्ध्यांनी तो एका दिवसात उरकला, अर्ध्यांनी आठवड्यातून एकदा अशी विभागणी केली. शिकवणं संपल्या संपल्या चाचणी घेतली तेव्हा दोन्ही गट सुधारलेले दिसले. एक महिन्यानं पुन्हा तपासलं. आठवड्यातून एकदा शिकलेल्यांना वेळ कमी लागला, हाताच्या हालचाली कमी झाल्या, तज्ज्ञांचे गुण जास्त मिळाले. भूल दिलेल्या जिवंत उंदराची रक्तवाहिनी शिवण्यातही तज्ज्ञांच्या मते तेच सरस ठरले. शिकलेलं पक्कं व्हायला मधले रिकामे दिवसही लागतात.

आपल्याकडे मात्र रविवारची एकदिवसीय कार्यशाळा होते, संध्याकाळी चाचणी, लगेच प्रमाणपत्र आणि फोटो. मीही अशा कार्यशाळांत शिकवलंय आणि संध्याकाळचे सुबक टाके बघून खूश होऊन घरी गेलोय. तो आनंद घाईचा होता.

आता आम्ही त्याच मुलांना महिन्यानं परत बोलावतो. सूचना देत नाही, नुसतं सिलिकॉन आणि हत्यारं पुढ्यात ठेवतो आणि त्यांचा चिमटा कड किती वेळा धरतो ते मोजत बसतो.