घरच्या व्हिडिओचं वजन आणि अपलोडची अरुंद वाट : पार्श्वभूमी

अपलोड करण्याआधी व्हिडिओची साइज कमी करायची, हा उद्योग घरोघरी सुरू झाला तो २००० नंतरच्या काही वर्षांत. त्याआधी गरजच नव्हती. टेप कपाटात राहायची, फार तर कुणाला तिची कॉपी करून दिली जायची. चित्र दाबण्याचं, म्हणजे कमी जागेत बसवण्याचं, गणित मात्र बरंच जुनं आहे. आजचे बहुतेक कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धती, ज्या कोसाइन रूपांतरावर उभे आहेत, त्याचा शोधनिबंध १९७४ चा. व्हिडिओ कॉन्फरन्ससाठी एच.२६१ हे मानक १९८८ मध्ये आलं. फ्रेमचे १६ गुणिले १६ पिक्सेलचे चौकोन पाडायचे आणि मागच्या फ्रेममधला कुठला तुकडा कुठे सरकला तेवढंच लिहून ठेवायचं, ही त्याची रीत. चौकोनांची मापं पुढे बदलली, रीत टिकली.

घरच्या व्हिडिओपुरतं बोलायचं तर डोकेदुखी १९९५ च्या डीव्ही या डिजिटल टेपपासून धरावी. डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबली जाते, शेजारच्या फ्रेमचा आधार घेतला जात नाही. एडिटिंगला हे सोयीचं, कारण कुठेही कापता येतं. त्याची किंमत म्हणजे तासाला सुमारे १३ जीबी. फायरवायर केबलने टेप संगणकात उतरवायला चित्रण जेवढ्या वेळाचं तेवढाच वेळ लागायचा, आणि २० जीबीच्या हार्डडिस्कवर तासाभराच्या दोन टेप मावत नसत. व्हीसीडी आणि डीव्हीडीने ही फाइल लहान करायची सवय लावली खरी, पण तिथे किती दाबायचं ते डिस्कमध्ये मावण्यावरून ठरे. नेटवरून पाठवायचा विचार त्यात नव्हता.

नेटवरून पाठवायचं ठरवल्यावर आकडे भयंकर दिसू लागले. टेलिफोनच्या तारेवरून मिळणाऱ्या तेव्हाच्या ब्रॉडबँडला अपलोडचा वेग बऱ्याचदा सेकंदाला २५६ किलोबिट असे. त्या वेगाने १३ जीबी चढवायला साडेचार दिवसांहून अधिक लागतात, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. तोच तास व्हीसीडीच्या दर्जाला आणला तर सव्वासहाशे एमबीच्या आसपास बसतो आणि साडेपाच तासांत जातो. रात्री लावून झोपायचं आणि सकाळी बघायचं, हा शिरस्ता यातूनच पडला. आणि ९० टक्क्यांवर जोडणी तुटली तर पुन्हा शून्यापासून. अर्धवट राहिलेलं अपलोड तिथूनच पुढे नेण्याची सोय वेबवर सर्रास मिळायला बरीच वर्षं गेली.

अपलोडचा हा वेग एवढा कमी का ठेवला, यावर अजून एकमत नाही. टेलिफोनच्या तारेवरच्या या ब्रॉडबँडचं, म्हणजे एडीएसएलचं, आंतरराष्ट्रीय मानक १९९९ मध्ये मंजूर झालं. त्यातली वाटणी अशी: सगळ्यात खालची पट्टी फोनवरच्या आवाजाला, साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झ अपलोडला, आणि १३८ पासून ११०४ पर्यंत सगळं डाउनलोडला. एका बाजूला जेमतेम ११२ किलोहर्ट्झ, दुसऱ्या बाजूला साडेनऊशेहून जास्त.

अभियंत्यांची बाजू आधी. टेलिफोन एक्सचेंजजवळ शेकडो ग्राहकांच्या तारा एकाच जाड केबलमध्ये एकमेकींना खेटून असतात. घरून निघालेला सिग्नल तिथे पोचेपर्यंत मलूल झालेला असतो. त्याच पट्टीत शेजारच्या तारेवरून ताजा, जोरकस सिग्नल बाहेर पडत असेल तर त्याची गळती या मलूल सिग्नलला गिळून टाकते. फ्रिक्वेन्सी वाढत जाते तशी गळतीही वाढते आणि सिग्नलची झीजही. म्हणून दोन्ही दिशांच्या पट्ट्या वेगळ्या, आणि अपलोडला खालची. हे सगळं बरोबरच आहे. पण पट्ट्या वेगळ्या का आणि कुठली कुणाला, एवढंच त्यातून कळतं. अपलोडची पट्टी इतकी चिंचोळी का, याचं उत्तर त्यात पुरतं सापडत नाही.

ते सापडतं आधीच्या दशकात. एडीएसएलची कल्पना आकार घेत होती तेव्हा इंटरनेट घरात नव्हतंच. फोन कंपन्यांना तारेवरून मागेल तेव्हा सिनेमा दाखवायचा होता. सेकंदाला दीड मेगाबिटच्या आसपास दाबलेला चित्रपट खाली यायचा आणि वर जायच्या ते फक्त प्रेक्षकाच्या बटणांच्या आज्ञा. सिनेमाची ती योजना बारगळली, तारेची वाटणी तेवढी मागे राहिली. म्हणजे व्हिडिओसाठीच आखलेली ही वाट होती. घरातून व्हिडिओ बाहेर जाईल हे कुणी धरलंच नव्हतं.

बचावात एक मुद्दा हमखास येतो: लोक डाउनलोडच जास्त करतात, मग जागाही तिकडेच द्यायला हवी. वापराचे आकडे तसे होते, नाकारण्यात अर्थ नाही. पण २५६ किलोबिटवर माणूस अपलोड करणार तरी किती? अडवलेल्या रस्त्यावरची वर्दळ मोजून रस्ता पुरेसा आहे म्हणण्यासारखं ते झालं. दुसरा आक्षेप पैशाचा. दोन्हीकडे समान वेग देणाऱ्या लाइन कंपन्या व्यवसायांना चढ्या दराने विकत होत्या, घरगुती अपलोड वाढवला असता तर तो धंदा बसला असता, असं टीकाकार म्हणतात. हेतू सिद्ध करणं अवघड. एवढं मात्र दिसतं की पुढे एडीएसएल२+ या सुधारित मानकाच्या एका परिशिष्टात सीमारेषा १३८ वरून २७६ किलोहर्ट्झवर नेली गेली आणि अपलोड दुपटीच्या वर गेला. तार तीच. रेषा सरकवता येत होती, हे त्यातून उघड झालं. जुन्या लाइनना त्रास नको म्हणून ही सोय सगळीकडे दिली गेली नाही, तो भाग वेगळा.

या चिंचोळ्या वाटेचा एक उपद्रव घरातल्या सगळ्यांना भोगावा लागे. एकाने अपलोड लावलं की बाकीच्यांची साधी पानंही उघडेनात. डाउनलोड चालू राहायचं तर मिळाल्याच्या पोचपावत्या वर जाव्या लागतात, आणि त्या मोडेमच्या लांबलचक रांगेत व्हिडिओच्या मागे अडकून पडत. त्यातही माहिती ५३ बाइटच्या छोट्या पाकिटांतून (सेल) जाई, आणि प्रत्येक सेलमधले ५ बाइट नुसत्या हेडरमध्ये, म्हणजे पत्त्यासारख्या मजकुरात, खर्ची पडत. व्हिडिओ लहान करण्याचा आग्रह कित्येक घरांत अपलोड करणाऱ्यापेक्षा बाकीच्यांचाच जास्त असे.

२००५ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे सगळ्यांत गाजलेल्या व्हिडिओ संकेतस्थळावर चित्र ३२० गुणिले २४० चं दिसायचं. फाइलला १०० एमबीची मर्यादा होती, वर्षभराने १० मिनिटांची मर्यादाही आली. लोक मग व्हिडिओचे भाग पाडू लागले. कुणी झिप करून पाहिलं. आधीच दाबलेल्या व्हिडिओतून झिपला काही मिळत नाही, हे दरवेळी नव्याने कळायचं. टेपवरचा इंटरलेस्ड व्हिडिओ (ज्यात एकाआड एक रेषा वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात) नुसता लहान केला की हलणाऱ्या माणसांच्या कडांना आडव्या रेषांच्या झालरी यायच्या, शिवाय अशा रेषा जपण्यात बिटरेटही, म्हणजे दर सेकंदाला मिळणारी बिटची जागाही, वाया जायचा.

खरा फरक पाडला तो २००३ च्या एच.२६४ या कोडेकने, आणि त्यासाठी लिहिलेल्या मुक्त एन्कोडरने, म्हणजे व्हिडिओ दाबणाऱ्या सॉफ्टवेअरने. त्याने बिटरेट ठरवण्याऐवजी क्वालिटी ठरवायची सोय लोकप्रिय केली: ० ते ५१ मधला एक आकडा द्यायचा, काही न दिल्यास २३. आकडा ६ ने वाढवला की फाइल ढोबळमानाने निम्मी. एकाच आकड्यावर स्टँडवर ठेवून घेतलेली मुलाखत अगदी लहान होते, आणि हातात धरून काढलेलं, मागे झाडाची पानं हलणारं दृश्य कितीतरी पट मोठं. अंधाऱ्या खोलीतल्या चित्राची गोष्ट आणखी वाईट. सेन्सरची मुंगी-मुंगी दिसणारी खरखर दर फ्रेमला बदलते, एन्कोडर तिलाच तपशील समजतो आणि तिच्यावर जागा उधळतो.

कॅमेऱ्याची फाइल मुळात एवढी मोठी का, याचंही कारण इथेच आहे. कॅमेऱ्यातली चिप चित्रण चालू असताना, एका दमात, बॅटरी सांभाळत दाबते. मागेपुढे पाहून कुठे बिट खर्चायचे हे ठरवायला तिला सवड नसते, म्हणून ती बिटरेट सढळ ठेवते. संगणकाला ती सवड असते. त्याने तीच क्लिप तासभर घोळवली तर पाचवा हिस्सा उरतो आणि फरक सहज डोळ्यांत भरत नाही.

२०१३ मध्ये एचईव्हीसी हे पुढचं कोडेक आलं, एच.२६४ च्या निम्म्या बिटरेटमध्ये तेवढंच चांगलं चित्र देण्याच्या बोलीवर. पेटंटचे परवाने तीन वेगवेगळ्या गटांत विभागले गेले, काही हक्कदार तर गटांबाहेरच राहिले, आणि ब्राउझरवाल्यांनी वर्षानुवर्षं हात आखडता घेतला. २०१७ मध्ये एका बड्या फोन कंपनीने मात्र तेच कोडेक चित्रणासाठी नेमलं: सेकंदाला ३० फ्रेमचं फोर-के चित्रण मिनिटाला ३५० एमबीवरून १७० वर आलं. गंमत अशी की समोरच्याकडे ते चालत नाही म्हणून पाठवताना पुन्हा एच.२६४ केलं की फाइल फुगते. या परवान्यांच्या जाचाला उत्तर म्हणून २०१८ मध्ये एव्ही१ हे कोडेक आलं; सुरुवातीला ते एन्कोड व्हायला इतका वेळ घ्यायचं की घरगुती वापराला निरुपयोगीच होतं.

दरम्यान संकेतस्थळं आलेली प्रत्येक फाइल आपल्याकडे पुन्हा दाबून अनेक आकारांत ठेवू लागली. म्हणजे आधी घरी दाबलेला व्हिडिओ दुसऱ्यांदा दाबला जातो, आणि घरी जास्त पिळला असेल तर पहिल्या वेळचे चौकोनी डाग दुसऱ्या वेळी ठळक होतात.

फायबरने तांब्याची अडचण संपवली, वाटणी लगेच संपली नाही. सर्वत्र पसरलेल्या जीपॉन या फायबर तंत्रात सेकंदाला खाली २.४८८ गिगाबिट आणि वर १.२४४, तेही फायबरच्या एका फांदीवरच्या सगळ्या घरांत मिळून. दोन्हीकडे १० गिगाबिट देणारं मानक २०१६ चं. जिथे घराला १०० मेगाबिट अपलोड खरोखर मिळतो, तिथे १० मिनिटांचं फोर-के चित्रण, १.७ जीबी, सव्वादोन मिनिटांच्या आसपास चढतं. तीच फाइल घरच्या साध्या संगणकावर नीट लहान करायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.