ठोकळे, तारा आणि ट्विटरची कडी

ठोकळे मांडून, तारा ओढून प्रोग्राम करण्याची कल्पना ट्विटरपेक्षा 40 वर्षांनी जुनी आहे. बर्ट सदरलँड यांनी 1966 मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात ती मांडली. ऐंशीच्या दशकात पॅरिसच्या इर्कॅम संस्थेत मिलर पकेट यांनी संगीतासाठी ‘मॅक्स’ घडवले. त्या तारांमधून सूर आणि आकडे धावत. इंटरनेटशी त्यांचा काही संबंध नव्हता.

तो आला फेब्रुवारी 2007 मध्ये, ‘याहू पाइप्स’बरोबर. दोन-चार आरएसएस फीड (संकेतस्थळावरचा नवा मजकूर प्रोग्रामला वाचता येईल अशी यादी) एकत्र करायचे, नको ते गाळायचे आणि नवे फीड काढायचे, सगळे ब्राउझरमध्येच. सार्वजनिक ट्विटही तेव्हा फीडच्या रूपात मिळत. पत्ता टाकला की मजकूर हजर, परवानगी विचारणारे कोणी नाही. ट्विट पाठवायचे असले तरी फक्त यूजरनेम आणि पासवर्ड लागे. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच: पासवर्ड प्रोग्रामच्या फाइलमध्येच लिहिलेला असला तर ती फाइल मित्राला पाठवली की खात्याची किल्लीही गेली!

ऑगस्ट 2010 अखेर ट्विटरने ही वाट बंद करून ओऑथ सक्तीचे केले, म्हणजे पासवर्डऐवजी टोकन (परवानगीची डिजिटल खूण) दाखवण्याची पद्धत. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच. आता प्रत्येक विनंतीबरोबर टोकन, वेळेचा शिक्का, एकदाच वापरायची खूण आणि या सगळ्यावरून गणलेली सही जोडावी लागे. सहीआधी सगळे घटक ठरलेल्या क्रमाने लावायचे. एखादे चिन्ह चुकीचे एन्कोड झाले की 401 ची एरर, म्हणजे ‘ओळख पटली नाही’. सुट्या ठोकळ्यांनी हे जुळवणे म्हणजे डोक्याला ताप. त्यामुळे ही सगळी उठाठेव पोटात घेणाऱ्या तयार नोडला, म्हणजे ठोकळ्याला, भाव आला.

आयबीएममध्ये 2013 मध्ये जन्मलेल्या ‘नोड-रेड’ या ठोकळे-तारांच्या साधनाने हे सोपे करून दाखवले. मूळ हेतू एमक्यूटीटी (उपकरणांनी एकमेकांना छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) संदेशांच्या जोडण्या डोळ्यांना दिसाव्यात एवढाच होता. पण त्यात ट्विटरचा नोडही होता: तो ओढायचा, शोधशब्द लिहायचा, आलेला मजकूर दाखवणाऱ्या डीबग नोडला जोडायचा, की ट्विट बाजूच्या पट्टीत उतरू लागत.

त्याच वर्षी जूनमध्ये ट्विटरची जुनी एपीआय (बाहेरच्या प्रोग्रामसाठीचे दार) बंद झाली आणि आरएसएसही गेले. नव्या एपीआयमध्ये खात्याला दर 15 मिनिटांना 180 वेळा शोध घेता येई. नवशिक्याने दर सेकंदाचा टायमर लावला की तीन मिनिटांत कोटा खलास आणि पुढची बारा मिनिटे 429, म्हणजे ‘फार विनंत्या झाल्या’. फ्लो, म्हणजे जोडलेल्या नोडची मांडणी, बघावा तर निर्दोष!

2018 मध्ये फेसबुकने बाहेरच्या ॲपना वैयक्तिक प्रोफाइलवर पोस्ट टाकणे बंद केले. ट्विटरनेही डेव्हलपर खात्यासाठी आधी अर्ज सक्तीचा केला आणि 2023 मध्ये मोफत दार जवळपास लावूनच घेतले. वर्षानुवर्षे नीट चाललेले फ्लो, एकही तार न हलता, मुके झाले.

अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या जाळ्यावर मात्र खातेदार स्वतःच्या सेटिंग्जमधून टोकन काढू शकतो. ते विनंतीच्या हेडरमध्ये घालून साध्या एचटीटीपी नोडनेही पोस्ट टाकता येते, खास नोड लागत नाही. सर्व्हर बदलला तर पत्ता आणि टोकन मात्र नवे घालावे लागतात.