होम केअर सेवेची नोंदणी: पात्रता, कागदपत्रं आणि तपासणीला खरं काय बघतात

घरी जाऊन पेशंटची सेवा करणारी संस्था काढायची म्हटलं की लोक आधी नाव ठरवतात, मग पत्रकं छापतात, चार अटेंडंट नेमतात, आणि नोंदणीचा अर्ज सगळ्यात शेवटी हातात घेतात. क्रम उलटा ठेवलात तर बराच मनस्ताप वाचेल. अर्जात जे विचारलेलं असतं त्यावरूनच संस्था कशी उभी करायची ते कळतं.

एवढी चौकशी कशासाठी, असा प्रश्न पडतो. हॉस्पिटलात एका पेशंटवर दहा जणांची नजर असते: सिस्टर, राउंडला येणारे डॉक्टर, शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक. घरात मात्र दार लोटलं की आत एक पेशंट आणि एक अटेंडंट, तिसरं कुणी नाही. म्हणून सुरक्षिततेचे सगळे नियम एकाच प्रश्नाभोवती फिरतात. कुणी बघत नसताना आत काय झालं, हे बाहेरच्याला कसं कळणार?

अर्ज कुणाला लागतो?

नियम देशागणिक बदलतात, पण रेघ बहुतेक एकाच जागी ओढलेली असते: सेवा करताना पेशंटच्या अंगाला हात लागतो का? नुसती सोबत, बाजारहाट, झाडलोट एवढंच काम असेल तर सहसा आरोग्यसेवेची नोंदणी लागत नाही. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, शौचाला नेणं, भरवणं सुरू झालं की ती वैयक्तिक सेवा होते. इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर, नाकातली नळी इथवर पोचलात तर ते परिचर्येचं काम, आणि त्याला नोंदणीकृत नर्स लागते.

इंग्लंडमध्ये २००८ च्या हेल्थ अँड सोशल केअर कायद्याखाली वैयक्तिक सेवा पुरवणाऱ्या संस्थेला केअर क्वालिटी कमिशन या सरकारी नियामक संस्थेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय सेवा देणं हा गुन्हा आहे. पेशंटनं स्वतः, मधे कुठलीही संस्था न घेता माणूस कामाला ठेवला तर मात्र त्या माणसाला नोंदणी लागत नाही. नुसती ओळख करून देऊन बाजूला होणाऱ्या एजन्सीलाही सूट आहे. पण पाठवलेल्या माणसाच्या ड्यूट्या लावणं आणि त्याच्या कामावर देखरेख ठेवणं एजन्सीनं चालूच ठेवलं, तर ती सूट संपते. कुटुंबांनी ही गोष्ट पहिल्याच दिवशी विचारून घ्यावी. नाहीतर काही बिघडल्यावर ‘आम्ही फक्त माणूस दिला होता’ हे उत्तर ऐकावं लागतं.

अमेरिकेत मेडिकेअरकडून, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याकडून, पैसे मिळवायचे असतील तर संस्थेनं कुशल परिचर्या आणि तिच्या जोडीला फिजिओथेरपीसारखी किमान एक सेवा द्यावी लागते. ज्या राज्यात परवाना लागतो तिथे तो आधी घ्यायचा, मग मेडिकेअरकडे अर्ज, मग तपासणी. पहिल्या तपासणीला रिकामी संस्था चालत नाही, खरे पेशंट आणि त्यांच्या फायली दाखवाव्या लागतात. म्हणजे मान्यतेची वाट बघण्याच्या काळातला खर्च खिशातून. हे गणित न करता उतरलेली माणसं मधेच दमतात.

पात्रता: संस्थेची, व्यवस्थापकाची, कामाला येणाऱ्याची

संस्थेची कायदेशीर ओळख, पत्ता, विमा, काही महिने पगार भागवता येतील एवढं आर्थिक बळ, हे भाग सरळ आहेत. हिशेबनीस भरून देईल.

व्यवस्थापकाचं तसं नाही. इंग्लंडमध्ये तर संस्थेला नोंदणीकृत व्यवस्थापकही दाखवावा लागतो, आणि त्याचा अर्ज स्वतंत्र असतो, मुलाखतही होते. कागदोपत्री एक नाव आणि कारभार बघणारा दुसराच, ही चलाखी मुलाखतीत पाच मिनिटांत उघडी पडते. प्रश्न पाठांतराचे नसतात. रात्री अडीचला अटेंडंटचा फोन आला, आजोबा पलंगावरून पडलेत, घरात दुसरं कुणी नाही. तुम्ही काय सांगाल? ‘डॉक्टरांना कळवू’ हे उत्तर अपुरं आहे. आधी सांगायचं, उचलू नका. शुद्धीवर आहेत का, बोलतायत का, डोक्याला मार आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पाय एका बाजूला वळलाय का, हे विचारायचं. मग ॲम्ब्युलन्स की थांबायचं ते ठरवायचं, नातेवाइकांना फोन करायचा, आणि सकाळी तो प्रसंग घटना-नोंदीत उतरवून पुन्हा पडू नयेत म्हणून काय बदललं तेही लिहायचं. हे शेवटचं वाक्य ज्याच्या तोंडून आपणहून येतं, तो व्यवस्थापक आहे.

अटेंडंटच्या प्रशिक्षणाला तासांचं माप असतं. अमेरिकेत मेडिकेअरच्या नियमांप्रमाणे होम हेल्थ एडला, म्हणजे घरी जाऊन सेवा करणाऱ्या अटेंडंटला, किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातले निदान १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष हातानं काम करण्याचे, आणि पुढे दर बारा महिन्यांना १२ तासांची उजळणी. काही राज्यांत याहून जास्त. पडद्यावर चित्रफीत दाखवून दुपारपर्यंत प्रमाणपत्र वाटणाऱ्यांची माणसं पेशंटला कुशीवर वळवताना लगेच ओळखू येतात: खांद्याला धरून ओढतात.

कागदपत्रं

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे संस्थेचं उद्देशपत्र. कोणत्या वयाच्या, कोणत्या आजाराच्या लोकांना, कोणती सेवा, कोणत्या भागात, कुणाच्या देखरेखीखाली देणार, ते त्यात लिहायचं. लोक इथे हात सैल सोडतात. बाळंतिणीपासून व्हेंटिलेटरवरच्या पेशंटपर्यंत सगळं लिहून टाकतात. लिहिलेल्या प्रत्येक ओळीसाठी तेवढं शिकलेलं माणूस दाखवावं लागतं, तेव्हा जमतं तेवढंच लिहा. नंतर वाढवता येतं.

मग कर्मचाऱ्यांच्या फायली. ओळखपत्र, अलीकडचा फोटो, शिक्षणाचे दाखले, नर्स असेल तर परिचर्या परिषदेची चालू नोंदणी, पूर्ववृत्ताची पोलीस किंवा सरकारी तपासणी, लसीकरण, आधीच्या मालकाचा अभिप्राय. इंग्लंडच्या नियमांत पूर्ण नोकरीचा इतिहास मागितलेला आहे आणि मधे खंड असेल तर त्याचं लेखी कारणही. तपासणारे नेमकं तिथेच बोट ठेवतात. एका फाइलीत दोन नोकऱ्यांच्या मधे चौदा महिने मोकळे होते. विचारल्यावर ताई म्हणाल्या, सासूबाईंचं करत होते. कारण चोख होतं, उलट त्यांच्या बाजूचंच होतं. पण ते कागदावर एका ओळीत नव्हतं म्हणून शेरा बसला.

धोरणांचा गठ्ठा तिसरा: औषधं, संसर्ग, आग, पडणं, छळ किंवा दुर्लक्षाचा संशय, पेशंटच्या पैशांना हात लावण्याबद्दल, तक्रारी, माहितीची गुप्तता. गठ्ठा विकत मिळतो आणि बरेच जण तो तसाच जोडतात. मी पाहिलेल्या एका अर्जात पान चौदावर दुसऱ्याच संस्थेचं नाव राहून गेलं होतं, आणि आग लागल्यास ‘वॉर्डातल्या सर्व रुग्णांना’ जिन्यानं खाली न्यायचं होतं. घरपोच सेवा, वॉर्ड कुठला! पाचच पानं लिहा, पण आपल्या अटेंडंटला वाचून कळतील अशी.

अर्ज भरल्यावर

फी, छाननी, त्रुटींचं पत्र, मुलाखत, भेट, निर्णय. त्रुटींचं पत्र आलं की घाबरायचं नाही. ते बहुतेकांना येतं. त्यात दिलेली मुदत मात्र चुकवू नका, कारण ती गेली तर अर्ज परत येऊन सगळं पहिल्यापासून करावं लागू शकतं. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत तारखेसह ठेवा.

तपासणी घरात होते

ऑफिसातलं कपाट बघून झाल्यावर तपासनीस पेशंट आणि नातेवाइकांशी बोलतात, त्यांची परवानगी असेल तर घरीही जातात. तिथे पहिली मागणी असते पेशंटच्या घरात ठेवलेल्या नोंदवहीची. तिच्यात आठवडाभर रोज ९८.४ तापमान, औषधं बरोबर आठ, बारा, चार, आठ वाजता, आणि सात दिवसांची सही एकाच पेनानं, एकाच तिरक्या ओघात असेल तर पुढचं काही विचारायची गरजच उरत नाही. ती वही एका बैठकीत भरलेली आहे. याउलट ‘८.४०, गोळी थुंकली, मुलाला फोन केला, ९.०५ ला पुन्हा दिली, घेतली’ अशी वेडीवाकडी नोंद सोन्याच्या मोलाची.

मग नजर खोलीवर फिरते. सुया टाकायचा डबा पाऊण भरला की बंद करून बदलायचा असतो, आणि वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नसतं. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत समई, काडेपेटी, बिडी काही नको. नाकाशी पेट्रोलियम जेली चोळलेली दिसली तरी शेरा. हात धुण्याची जागतिक आरोग्य संघटनेची पाच वेळांची पद्धत अटेंडंटला तोंडपाठ नसली तरी चालेल, हातात बसलेली हवी: पेशंटला शिवण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीशी संपर्क आल्यावर, पेशंटला शिवल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. साबणानं ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरनं २० ते ३०. मोजून बघा, ४० सेकंद बराच वेळ असतो.

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची पाठ, कंबरेखालचं हाड आणि टाचा बघतातच. बेडसोरचा धोका मोजायला ब्रेडन मोजपट्टी वापरतात. तिचे गुण ६ ते २३. गुण जितके कमी तितका धोका जास्त, आणि प्रौढांमध्ये १८ किंवा खाली आले की सावध व्हायचं. पेशंट घेतला त्या दिवशीचे गुण फाइलीत आहेत का, आणि पुढे ते पुन्हा मोजले का, हे विचारतात. हवेची गादी आणून टाकली की कूस बदलायची गरज नाही, असा एक लाडका गैरसमज आहे. गादी असली तरी कूस बदलावीच लागते.

शेवटी देखरेख. अमेरिकेतल्या नियमांत पेशंट परिचर्या किंवा थेरपी घेत असेल तर एडच्या कामाचा आढावा सर्वसाधारणपणे दर १४ दिवसांनी नर्स किंवा थेरपिस्टनं घ्यायचा असतो. पेशंटची स्थिती पाहण्यासाठीची पहिली भेट रेफरल, म्हणजे सेवेसाठीची शिफारस, आल्यापासून किंवा पेशंट घरी परतल्यापासून ४८ तासांत, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला. तुमच्याकडे नियम वेगळा असला तरी सुपरवायझर कधी आल्या, किती वेळ थांबल्या आणि अटेंडंटला प्रत्यक्ष काम करताना पाहिलं का, या तीन गोष्टी लिहून ठेवा. ‘सर्व ठीक’ हा शेरा तपासणीत बिनकामाचा.

नोंदणी मिळाल्यावर

व्यवस्थापक सोडून गेला, पत्ता बदलला, सेवा वाढवली तर कळवावं लागतं. पेशंटचा मृत्यू, गंभीर इजा, छळाचा आरोप यांची माहितीही ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते. इंग्लंडमध्ये संस्थेला चारपैकी एक श्रेणी मिळते: उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी. ती लोकांना दिसेल अशी लावावी लागते, संस्थेच्या वेबसाइटवरसुद्धा.

माणूस ठेवणाऱ्या कुटुंबांनी अर्जाच्या भानगडीत पडायची गरज नाही. नोंदणी क्रमांक विचारा आणि तो सरकारी यादीत स्वतः शोधा, फ्रेम केलेल्या प्रमाणपत्रावर जाऊ नका. येणाऱ्या अटेंडंटची फाइल बघायला मागा. रजेच्या दिवशी बदली कोण येणार, तिला पेशंटची माहिती कोण देणार, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. आणि नोंदवही घरातच राहू द्या. शिफ्ट संपल्यावर अटेंडंट ती पिशवीत घालून नेत असेल, तर त्याच संध्याकाळी सुपरवायझरला फोन करा.