हायरार्किकल

एकावर एक पातळ्या असलेल्या आणि त्या पातळ्या ठरावीक नात्याने बांधलेल्या रचनेसाठी वापरले जाणारे इंग्रजी विशेषण. मराठीत त्यासाठी 'श्रेणीबद्ध' हा शब्द सर्वांत रुळलेला आहे. नुसता क्रम लावला म्हणून रचना हायरार्किकल ठरत नाही. या शब्दाच्या वापरातल्या बहुतेक चुका याच ठिकाणी होतात.

शब्दाचे मूळ ग्रीक आहे. 'हिएरोस' म्हणजे पवित्र आणि 'आर्खेइन' म्हणजे सत्ता चालवणे. 'हिएरार्खेस' हा पवित्र विधींचा प्रमुख. इसवी सन ५०० च्या सुमारास डायोनिशियस या टोपणनावाने लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखकाने देवदूतांची मांडणी तीन-तीनांच्या तीन गटांत, म्हणजे एकूण ९ श्रेणींत केली. इंग्रजीत १४व्या शतकात 'हायरार्की' हे नाम शिरले तेही देवदूतांच्या श्रेणी याच अर्थाने. पुढे ते धर्माधिकाऱ्यांच्या दर्जांना आणि मग कोणत्याही चढत्या-उतरत्या रचनेला लागू झाले. उच्चारात मधले व्यंजन 'क' आहे, 'च' नाही, 'हायरार्चिकल' चूक. 'हायरार्कियल' हे दुसरा 'क' गाळलेले रूपही लेखनात वरचेवर दिसते, तेही टाळावे. 'हायरार्किक' मात्र शुद्ध आहे आणि अर्थही तोच, फक्त कमी वापरातले.

एखाद्या रचनेला हे विशेषण लावता येईल का, हे तपासण्यासाठी खालच्या पातळीवरची कोणतीही एक वस्तू उचलावी आणि 'हिला पोटात घेणारे किंवा हाताखाली ठेवणारे, हिच्या लगेच वर कोण?' असे विचारावे. नेमके एकच उत्तर आले, त्या उत्तरालाही पुन्हा तोच प्रश्न विचारता आला आणि शेवटी एका शिखरापाशी पोचता आले, तर रचना काटेकोर अर्थाने श्रेणीबद्ध आहे. अशा रचनेत 'न' घटक असतील तर जोडणाऱ्या रेषा 'न वजा १' असतात, कारण शिखर सोडून प्रत्येकाला वर जाणारी एकच रेषा असते. खनिजांच्या कठीणपणाची मोस मापश्रेणी शंखजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंत १ ते १० अशी जाते, पण ती श्रेणीबद्ध रचना नव्हे. हिऱ्याच्या पोटात किंवा हाताखाली काहीच येत नाही. ती क्रमवारी आहे, आणि तिला क्रमवारीच म्हणावे.

पातळ्यांना बांधणारे नाते मुख्यतः दोन प्रकारचे असते. पहिले समावेशाचे. जीवांचे वर्गीकरण हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने १७३५ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून आजच्या पायऱ्या वाढल्या : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. मांजर आणि सिंह यांच्या प्रजाती वेगळ्या, पण वर चढत गेल्यास दोघे मार्जार कुलात भेटतात. मांजर आणि कुत्रा भेटतात ते आणखी एक पायरी वर, मांसाहारी गणात. दोन जीव किती पायऱ्या चढल्यावर भेटतात यावरून त्यांची जवळीक कळते, आणि साध्या यादीतून ही माहिती कधीच मिळणार नाही.

दुसरे नाते अधिकाराचे. इथे वरचा खालच्याला पोटात घेत नाही, त्याला आज्ञा देतो. प्रत्येकाच्या हाताखाली ५ जण धरले तर ४ पातळ्यांत १ + ५ + २५ + १२५ = १५६ माणसे मावतात. हाताखाली १२ जण दिले तर ३ पातळ्यांतच १ + १२ + १४४ = १५७ होतात. दुसऱ्या मांडणीत निरोप वर पोचायला एक टप्पा कमी लागतो, मात्र प्रत्येक अधिकाऱ्याला प्रत्येकाकडे द्यायला वेळ कमी उरतो. एकाच माणसाला दोन वरिष्ठ नेमले की वरची कसोटी मोडते. अशा संघटनेला सरळ हायरार्किकल म्हणणे चुकीचे ठरते.

संगणकातही अडचण तीच. फोल्डरच्या पारंपरिक रचनेत फाइलला एकच जागा असते. एखादे बिल 'घर' मध्ये ठेवायचे की 'कर' मध्ये, हा पेच पडला की माणूस दोन प्रती करतो, पुढे एकच प्रत सुधारतो आणि दोन्हींत तफावत पडते. १९६० च्या दशकातल्या श्रेणीबद्ध डेटाबेसमध्येही हा दोष होता : एक विद्यार्थी अनेक विषयांत आणि एका विषयात अनेक विद्यार्थी, हे नाते प्रत्येकाच्या वर एकच घटक असलेल्या रचनेत पुनरावृत्तीशिवाय सहज बसत नाही. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये सुचवलेल्या कोष्टकांच्या पद्धतीत ही अडचण राहिली नाही.

वाचण्याची दिशाही पाहावी लागते. फाइलचा पत्ता मोठ्याकडून लहानाकडे, डावीकडून उजवीकडे जातो. संकेतस्थळाच्या नावात शिखर उजव्या टोकाला असते, म्हणून ते नाव उजवीकडून वाचल्यावरच त्याची श्रेणी कळते.

मराठी प्रतिशब्द निवडताना नाते कोणते ते आधी ठरवावे. अधिकाराच्या रचनेला 'पदानुक्रम' नेमका बसतो. 'उतरंड' हा फार बोलका शब्द आहे : एकावर एक रचलेली मडकी, सर्वांत मोठे तळाशी आणि सगळा भार त्याच्यावर. समाजातल्या उच्चनीचतेवर टीका करताना याहून नेमका शब्द सापडणार नाही. मात्र उतरंडीतले मडके दुसऱ्या मडक्याच्या पोटात नसते, म्हणून फोल्डर किंवा जीववर्गीकरण यांसाठी तो वापरू नये. तिथे 'श्रेणीबद्ध' लिहावे. सामाजिक लेखनात या विशेषणाला विषमतेची छटा असते, तांत्रिक लेखनात ते निव्वळ वर्णन असते. अनुवाद करताना एकाची छटा दुसऱ्यात उतरू देऊ नये.